वजा, आणि वर एक

कास्त्रोच्या किनाऱ्यावर, खांबांवर उभ्या ऑफिसात
खालून पाणी येतं, जातं.
वर मी, एदिता बार्रिया, रकाने भरते.
ब मध्ये सुरुवात. क मध्ये शेवट.
ड मध्ये क वजा ब.
सांतियागोच्या मंडळींना मुदत हवी आहे,
दिवसांत, अपूर्णांक नकोत म्हणे.

पहिलीच ओळ: घंटा उतरवणे.
सोमवारी चढले, सोमवारीच उतरवली.
सहा माणसं, दोन दोर,
आणि एवारिस्तोचा अंगठा चेंगरलेला.
ड म्हणालं, शून्य.

नोलास्को मिल्याकुरा हसला नाही.
कानामागची पेन्सिल काढून
त्यानं खिडकीबाहेरचं कुंपण दाखवलं:
तू मधली अंतरं मोजतेस, बाई,
खांब कोण मोजणार?

मी सूत्राच्या शेपटाला अधिक एक लावलं.
शून्याचा एक झाला.
अंगठ्याला निदान एक दिवस मिळाला.

मग शनिवार-रविवार गाळणारं सूत्र घातलं,
सगळी ड ची रांग आखडली, थंडीत आखडावी तशी.
पण ओंडक्यांची होडी उधाणालाच काठाला लागते,
आणि यंदा उधाण रविवारी.
ऐंशी ओंडके उतरले, गुडघाभर पाण्यातून,
बायकापोरांसकट सगळं बेट खांदा द्यायला,
नंतर बटाटे, मासे, कुणीतरी अकॉर्डियन काढलं.
माझ्या तक्त्यात तो दिवस नाही.
ओंडके मात्र आहेत.

एका ओळीत उणे दोन आलं:
छप्पर चढायच्या आधीच गळती थांबलेली.
नोलास्को म्हणाला, ही ओळ राहू दे.
मी दुरुस्त केली.

राहिली शेवटची ओळ, सगळ्या ओळींची आई:
चर्चची दुरुस्ती.
शेवट माहीत होता, अठ्ठावीस मार्च, शुक्रवार.
सुरुवात कधीची धरू?
तो बोटं मोडत बसला.
उंबरे बापानं बदलले होते.
भूकंपानंतर मनोरा चुलत्यानं सरळ केला.
त्याच्याही आधी पश्चिमेची भिंत,
ती कुणी, ते आजोबाच सांगू शकले असते,
पण ते तेव्हा भिंतीवर होते, सांगायला खाली आले नाहीत.

मी रकाना रिकामा ठेवला.
एकरेषेत गाळणं-बिळणं काही नको,
साधी वजाबाकी, वर एक.
आकडा आला:
पंचेचाळीस हजार सातशे पंचेचाळीस.

मला कारण ठाऊक होतं.
रिकामं घर दिसलं की यंत्र शून्य समजतं,
आणि त्याचं शून्य एकोणीसशे सालच्या उंबऱ्याशी आहे.
चूक आहे, मी म्हटलं. ही सव्वाशे वर्षं होतात.

नोलास्कोनं चष्मा लावला.
आकड्यावरून अंगठा फिरवला,
जसा रंधा मारलेल्या फळीवरून फिरवतो,
कूस कुठे लागते का बघत.
बरोबर आहे, म्हणाला,
एखादा आठवडा इकडेतिकडे.

सांतियागोला मी बासष्ट कळवले.
दोन जानेवारीपासून, सुट्या वगळून,
कुणी तपासलं तरी बासष्टच.
ती मोठी ओळ पुसली नाही,
तिची उंची शून्य करून तिसाव्या आणि बत्तिसाव्याच्या मध्ये दडवली.
रांग मोजणाऱ्याला एक आकडा कमी दिसेल.

संध्याकाळी पाणी फळ्यांना लागलं.
नोलास्को टोपी घालून दारात थांबला.
लाकूड वाळायला लागतं ते धरलंस ना?
धरलं, मी म्हटलं, एकवीस दिवस.

त्यानं बाहेर हात काढून हवा चाचपली,
मग परत वळून विचारलं,
आज धरून, की उद्यापासून?